सामाईक क्लस्टरवर नवी सर्व्हिस चढवताना

नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या अभियांत्रिकी कॉलेजांतून मुलं-मुली दरवर्षी सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातात. कोड लिहायची त्यांची तयारी चांगली असते. पण ज्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या समूहावर) आधीच पंचवीस-तीस सर्व्हिस चालू आहेत, तिथे आपली नवी सर्व्हिस कशी बसवायची, हे त्यांना सहसा कुणी शिकवलेलं नसतं. कॉलेजचा प्रोजेक्ट लॅपटॉपवर चालतो, परीक्षक बघतात आणि तिथेच विषय संपतो. नोकरीत मात्र पहिल्या वर्षातच कधीतरी "तुझी सर्व्हिस तूच प्रॉडवर टाक" असं फर्मान येतं; प्रॉड म्हणजे खरे लोक वापरतात ती चालू यंत्रणा. तेव्हा नेमकं काय करायचं असतं आणि का, ते इथे उलगडून सांगतो.

एक उदाहरण धरून चालू. संभाजीनगरच्या एका कंपनीचं शेतकऱ्यांसाठी ॲप आहे. त्यात हवामान आहे, पीकविम्याची माहिती आहे. आता त्यात बाजारभावाची सर्व्हिस आणायची आहे. मराठवाड्यातल्या बाजार समित्यांमधले सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव गोळा करायचे, ॲपवर दाखवायचे आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एसएमएस पाठवायचा. हे काम हवामानाच्या कोडमध्ये न घुसवता वेगळं ठेवलं, त्याचा कोड वेगळा, डिप्लॉयमेंट (म्हणजे सर्व्हरवर चढवणं) वेगळी, आणि बाकीच्यांशी बोलणं नेटवर्कवरून, की झाली मायक्रोसर्व्हिस. फायदा असा की बाजारभावात बदल करताना हवामानाला हात लागत नाही. किंमतही मोजावी लागते. एका प्रोग्रामच्या आत जे काम साध्या फंक्शनने होत होतं, तिथे आता नेटवर्क येतं, आणि नेटवर्कवरचं उत्तर उशिरा येऊ शकतं किंवा येतच नाही. टीम दोन-तीन जणांचीच असेल तर मी सर्व्हिस वेगळी काढण्याची घाई करणार नाही. इथे मात्र कारण पक्कं आहे. सौदे निघाले की दुपारी भाव बघायला एकदम झुंबड उडते, आणि त्या झुंबडीने हवामानाचं पान बंद पडता कामा नये.

पूर्वी अशा कंपन्या ऑफिसातल्याच एका खोलीत सर्व्हर ठेवायच्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. त्या खोलीचा एसी आणि इन्व्हर्टर सांभाळणं हीच एक नोकरी होऊन बसायची. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादला रीजन (म्हणजे डेटा सेंटरांचा समूह) सुरू केलं, मायक्रोसॉफ्टचं पुण्याचं रीजन २०१५ पासून आहे. त्यामुळे आता सर्व्हर भाड्याने घेणं हीच रीत झाली आहे. नकाशावर लातूरला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ आहे, म्हणून सर्व्हिस हैदराबादला टाकावी असं कुणाला वाटेल. तसं करू नका. सर्व्हिस तिथेच ठेवा जिथे तिचा डेटाबेस आहे. शेतकऱ्याच्या फोनचा ॲपशी एका पानासाठी एक-दोनदा संवाद होतो, पण सर्व्हिस तेवढ्यात डेटाबेसला वीस वेळा विचारते, आणि दोघांत शेकडो किलोमीटर असले तर त्या वीस फेऱ्यांचा वेळ साठत जातो.

आता मुद्द्याचं. भाड्याचे सर्व्हर प्रत्येक टीमने वेगळे घेतले तर बिल परवडत नाही, म्हणून कंपनी सगळ्यांसाठी एकच क्लस्टर उभा करते. बहुतेक ठिकाणी तो कुबरनेटीसवर चालतो, म्हणजे कुठली सर्व्हिस कुठल्या मशीनवर चालवायची हे कुबरनेटीस सांभाळतं. गूगलने २०१४ मध्ये हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनला नोड म्हणतात, आणि नोडवर तुमच्या सर्व्हिसच्या ज्या प्रती चालतात त्यांना पॉड. एकाच नोडवर तुमचा पॉड, हवामानाचा पॉड आणि विम्याचा पॉड असे सगळे एकत्र असतात. त्यांचा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एकच, मेमरी एकच, सीपीयू एकच आणि डिस्कही बहुधा एकच.

आपल्याकडे भावाभावांत जमिनीच्या वाटण्या होतात आणि विहीर सामाईक राहते. मग पाण्याची पाळी ठरते, कुणी किती तास मोटर चालवायची ते ठरतं. पाळी न ठरवता एकाने मोठी मोटर बसवली तर बाकीच्यांचं पीक वाळतं, आणि त्याच्या मनात वाईट काहीच नसलं तरी वाळतं. सामाईक क्लस्टरवर ही पाळी आकड्यांत लिहून द्यावी लागते. सर्व्हिस चढवण्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम मला हेच वाटतं. मी किती घेणार, जास्तीत जास्त किती घेणार, बंद पडताना कसा बंद पडणार, आणि माझं काही बिघडलं तर कुणाला उठवायचं, हे बाकीच्यांना आधी सांगून ठेवायचं.

त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे रिक्वेस्ट आणि लिमिट. रिक्वेस्ट म्हणजे "मला किमान एवढं राखून ठेवा". पॉड कुठल्या नोडवर बसवायचा हे शेड्युलर याच आकड्यावरून ठरवतो. सर्व्हिस प्रत्यक्षात किती वापरते हे तो पाहत नाही, तुम्ही काय लिहिलंत तेच पाहतो. दोन गिगाबाइट मागून दोनशे मेगाबाइटच वापरले तर उरलेली मेमरी रिकामी पडून राहते, ती दुसऱ्याच्या नावे राखता येत नाही, आणि कंपनी आणखी एक नोड भाड्याने घेते. उलट काहीच लिहिलं नाही तर पॉड कुठेही बसतो, पण नोडवर मेमरीची ओढाताण झाली की सगळ्यात आधी असाच पॉड बाहेर काढला जातो. म्हणूनच अनेक कंपन्या प्रत्येक टीमच्या नेमस्पेसला, म्हणजे क्लस्टरमधल्या तिच्या कप्प्याला, कोटा लावतात. सीपीयू-मेमरीचा कोटा असलेल्या नेमस्पेसमध्ये आकडे न लिहिलेला पॉड तयारच होत नाही. पहिल्यांदा डिप्लॉय करणारा तिथे हमखास अडतो आणि क्लस्टर सांभाळणाऱ्या प्लॅटफॉर्म टीमला विचारतो, "सर, माझ्या मशीनवर तर चालायलंय की, इथं पॉडच बनंना गेलाय." सरांचा उलटा प्रश्न येतो, "मेमरी किती लागते?" त्याचं खरं उत्तर मोजूनच देता येतं.

लिमिट म्हणजे कमाल मर्यादा. ती ओलांडली तर काय होतं, याचं मेमरीसाठी उत्तर एक आणि सीपीयूसाठी दुसरं. मेमरीची लिमिट ओलांडली की कर्नल प्रोसेस जागीच मारतो. पॉडच्या तपशिलात ओओएम-किल्ड असं दिसतं आणि एक्झिट कोड १३७ येतो. जावाच्या सर्व्हिसमध्ये हे फार होतं, आणि ते दोन बाजूंनी होतं. लिमिट ५१२ मेगाबाइट ठेवली आणि हीपबद्दल (प्रोग्रामचा डेटा राहतो त्या मेमरीबद्दल) काहीच सांगितलं नाही, तर जेव्हीएम (जावाचा प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) आपणहून हीपसाठी चौथा हिस्सा, म्हणजे १२८ मेगाबाइट घेते. सर्व्हिस त्यात घुसमटते आणि बाकीची मेमरी वाया जाते. ते बघून कुणी हीप सरळ ५१२ करतो. पण जेव्हीएमला हीपशिवाय थ्रेडच्या स्टॅकसाठी, क्लासच्या माहितीसाठी वेगळी मेमरी लागते. लोड आला की एकूण बेरीज ५१२ च्या वर जाते आणि पॉड मरतो. हीप लिमिटच्या साधारण साठ ते सत्तर टक्के ठेवून सुरुवात करावी आणि लोड टेस्टमध्ये (मुद्दाम गर्दी पाठवून केलेल्या चाचणीत) आलेख बघून पुढे-मागे करावं.

सीपीयूचं तसं नाही. लिमिट ओलांडली म्हणून पॉड मरत नाही, तो अडवून ठेवला जातो. कर्नल दर १०० मिलिसेकंदांचा हिशोब ठेवतो. अर्ध्या कोरची लिमिट असेल तर त्या १०० मध्ये तुम्हाला ५० मिलिसेकंद सीपीयू मिळतो. सर्व्हिसचे चार थ्रेड एकदम कामाला लागले तर ते ५० मिलिसेकंद साडेबारा मिलिसेकंदांतच संपतात, आणि पुढचे साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद चौघेही थांबून राहतात. आलेखावर सरासरी सीपीयू कमीच दिसतो, कुठे एरर नाही, पण लोक म्हणतात ॲप अडखळतंय. अशा वेळी थ्रॉटलिंगचा, म्हणजे या अडवण्याचा, आलेख उघडून बघा.

इमेजबद्दल थोडक्यात. तुमचा कोड आणि त्याला लागणारी सगळी सामग्री एकत्र बांधली की इमेज होते. डॉकरने २०१३ पासून ही पद्धत घरोघरी नेली. इमेजला 'लेटेस्ट' असा टॅग देऊन प्रॉडवर टाकू नका. प्रत्येक बिल्डला वेगळा टॅग द्या, म्हणजे काल काय चालू होतं आणि आज काय आहे ते सांगता येतं. पासवर्ड इमेजमध्ये घालू नका, गिटमध्येही नको. कुबरनेटीसचं सीक्रेट म्हणजे कुलूपबंद तिजोरी, असाही समज करून घेऊ नका. त्यातली किंमत फक्त बेस-६४ मध्ये लिहिलेली असते, ज्याला ते वाचायची परवानगी आहे तो एका कमांडने उलगडू शकतो. लॉग फाइलमध्ये न लिहिता स्टँडर्ड आउटपुटवर टाका. पॉडच्या आतल्या फायली पॉडबरोबर जातात, आणि जाण्याआधी नोडची डिस्क भरून ठेवतात. मग कुबरनेटीस त्या नोडवरचे पॉड हलवायला लागतं, त्यात कदाचित हवामानाचाही.

आता डेटाबेसच्या कनेक्शनचा हिशोब. हा जरा सावकाश वाचा, कारण लॅपटॉपवर तो कधीच चुकत नाही आणि प्रॉडवर चुकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एका वेळी किती कनेक्शन घेता येतील याचा मूळ आकडा १०० आहे. त्यातली ३ ॲडमिनसाठी राखीव असतात, उरली ९७. जावात बहुतेक जण हिकारी हा कनेक्शन पूल (कनेक्शन उघडून ठेवून पुन्हा पुन्हा वापरायला देणारी लायब्ररी) वापरतात, त्याचा मूळ आकार १०, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो दहाच्या दहा कनेक्शन उघडून ठेवतो. बाजारभावाचे ८ पॉड चालू असले तर झाली ८० कनेक्शन. अजून सगळं ठीक आहे. आता तुम्ही नवी आवृत्ती चढवता. कुबरनेटीसची मूळ पद्धत अशी की जुने पॉड एकदम पाडायचे नाहीत, ठरलेल्या संख्येपेक्षा २५ टक्के जास्त पॉड तात्पुरते चालू द्यायचे. ८ चे २५ टक्के म्हणजे २. तेवढ्या वेळापुरते १० पॉड आणि १०० कनेक्शनची मागणी, मिळणार ९७. शिवाय बंद होत चाललेले जुने पॉड कनेक्शन धरून असतात ते वेगळंच. त्याच डेटाबेसवर हवामानाची सर्व्हिस असेल तर तिलाही नवं कनेक्शन मिळत नाही. तिचा कोड कुणी महिनाभर बदललेला नाही, तरी एरर तिच्याच आलेखावर दिसतात, आणि तिची टीम स्वतःच्या कोडमध्ये दोष शोधत बसते.

उपाय सोपा आहे, फक्त आधी बेरीज करावी लागते. डेटाबेसची खरी मर्यादा विचारून घ्या, कारण क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ती मशीनच्या मेमरीप्रमाणे बदललेली असू शकते. त्यातून बाकी सर्व्हिसचा वाटा वजा करा. उरलेल्याला तुमच्या कमाल पॉडसंख्येने भागा, आणि त्या कमाल संख्येत डिप्लॉयच्या वेळचे जादा पॉडही धरा. बहुतेक वेळा एका पॉडला चार-पाच कनेक्शन पुरतात. आणखी वाढायचं असेल तर मध्ये पीजी-बाउन्सर बसवतात, तो थोडी कनेक्शन अनेक पॉडना वाटून देतो.

यानंतर सर्व्हिसच्या तब्येतीची चौकशी. कुबरनेटीस दर काही सेकंदांनी पॉडला दोन वेगळे प्रश्न विचारतं. एक प्रश्न: काम घ्यायला तयार आहेस का? हा रेडीनेस. उत्तर नाही आलं तर पॉडकडे काम पाठवणं थांबतं, पॉड चालूच राहतो. दुसरा: जिवंत आहेस का? हा लाइव्हनेस. याचं उत्तर लागोपाठ आलं नाही तर पॉड पाडून पुन्हा सुरू केला जातो. दोन्हीसाठी एकच पत्ता देऊन, त्यात "डेटाबेस चालू आहे का" हेही तपासायची सवय फार पसरली आहे, आणि ती घातक आहे. डेटाबेस अर्धा मिनिट मंदावला की सगळे पॉड एकाच वेळी "जिवंत नाही" ठरतात, सगळे एकदम पाडले जातात, सगळे एकदम उठून त्याच दमलेल्या डेटाबेसवर कनेक्शनसाठी तुटून पडतात. लाइव्हनेसमध्ये फक्त आपली प्रोसेस उत्तर देते का एवढंच तपासा. आणि प्रश्नाचं उत्तर एका सेकंदात यावं अशी मूळ अपेक्षा असते, हे जावाच्या सावकाश उठणाऱ्या सर्व्हिससाठी ध्यानात ठेवा. तिच्यासाठी उठेपर्यंत विचारायचा वेगळा प्रश्न असतो, त्याला स्टार्टअप प्रोब म्हणतात.

बंद पडण्याचीही रीत असते. पॉड हलवायचा असला की त्याला आधी सिग-टर्म हा सिग्नल मिळतो, मग आवरायला ३० सेकंद, आणि त्यानंतर थेट मारणारा सिग-किल. आपली बाजारभाव सर्व्हिस पाच हजार जणांना एसएमएस पाठवत असताना हा सिग्नल आला तर तिने नवे एसएमएस घेणं थांबवावं, कुठपर्यंत पोचलो ते लिहून ठेवावं आणि मग जावं. नाहीतर अर्ध्या गावाला भाव दोनदा जातो आणि अर्ध्याला जातच नाही. इथे एक बारीक खोच आहे. इमेजमध्ये सर्व्हिस शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मार्फत सुरू केली असेल तर सिग्नल शेललाच मिळतो, तो पुढे पोचत नाही, आणि ३० सेकंदांनी सर्व्हिस न आवरताच मारली जाते. प्रत्येक डिप्लॉयला जुना पॉड जायला नेमके ३० सेकंद लागत असतील तर हेच कारण धरून तपासा.

एसएमएसवरून आठवलं. देवनागरीत एका एसएमएसमध्ये काना-मात्रा वेगळ्या मोजून ७० चिन्हं मावतात, रोमनमध्ये १६०. मराठी संदेश लांबला की तो दोन-तीन एसएमएसच्या दराने जातो, आणि त्याचा मजकूर ऑपरेटरच्या डीएलटी या नोंदणी यंत्रणेत आधी नोंदवलेला नसेल तर पोचतच नाही. प्रॉडच्या आदल्या संध्याकाळी हे कळलं तर हाती काहीच उरत नाही. मजकूर आधी नोंदवून घ्या.

लोडचं आपल्या उदाहरणात वेळापत्रक ठरलेलं आहे. दसरा ते दिवाळी सोयाबीनची आवक वाढते, आणि सौदे निघाले की तासाभरात सगळे भाव बघतात. कुबरनेटीस पॉड आपोआप वाढवू शकतं, दर १५ सेकंदांनी ते आकडे बघतं. पण तेवढ्यात निर्णय झाला तरी नवा पॉड उठायला अर्धा मिनिट जातं, आणि नोडवर जागा नसली तर नवा नोड यायला काही मिनिटं. शिवाय "सीपीयू ७० टक्के झाला की वाढव" या वाक्यातले टक्के तुमच्या रिक्वेस्टचे असतात, मशीनचे नव्हे. रिक्वेस्टचा आकडा चुकला की हेही चुकतं. जिथे गर्दीची वेळ आधीच ठाऊक आहे तिथे सौद्यांच्या अर्धा तास आधी पॉड वाढवून ठेवणारा साधा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मला जास्त भरवशाचा वाटतो. नवी आवृत्ती चढवायची ती सौदे आटोपल्यावर.

चढवताना जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ शेजारी शेजारी चालते, एकाच डेटाबेसवर. म्हणून 'भाव' हा कॉलम काढून 'किमान भाव' आणि 'कमाल भाव' असे दोन आणायचे असतील तर एका झटक्यात करता येत नाही. आधी नवे कॉलम जोडा, जुना राहू द्या. मग दोन्हीकडे लिहिणारी आवृत्ती चढवा. ती काही दिवस नीट चालली, जुना कॉलम कुणीच वाचत नाही याची खात्री झाली, की त्यात लिहिणं थांबवणारी आवृत्ती चढवा आणि मग तो काढा. रोलबॅकची कमांड मागची इमेज परत आणते, काढलेला कॉलम परत आणत नाही. आणि नवे पॉड तयारच होत नसले तर कुबरनेटीस दहा मिनिटं वाट बघून डिप्लॉयमेंट फसली अशी नोंद करतं, मागे मात्र आपणहून जात नाही. तेवढा वेळ कुणीतरी स्क्रीनसमोर बसलेलं असावं.

पहिला आठवडा रोज दुपारी चार गोष्टी बघा: उत्तराला लागणारा वेळ, एररचं प्रमाण, मेमरीचा आलेख आणि डेटाबेसची कनेक्शन. मेमरी दिवसागणिक हळूहळू चढत असेल आणि खाली येत नसेल तर लीक आहे, म्हणजे घेतलेली मेमरी सुटत नाही, लिमिट वाढवून ती बरी होत नाही. पॉडच्या लेबलमध्ये टीमचं नाव आणि अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं ते लिहा. रात्री दोनला ज्याला उठवलं जाणार आहे त्याच्यासाठी एक पान असू द्या: सर्व्हिस कशावर अवलंबून आहे, मागची आवृत्ती कशी आणायची, एसएमएस कसे थांबवायचे. ते पान दुसऱ्या टीममधल्या कुणाला तरी वाचायला द्या आणि त्याच्याकडून टेस्ट क्लस्टरवर एकदा रोलबॅक करून घ्या. आठवड्याच्या शेवटी प्रत्यक्ष वापर आणि मागितलेली रिक्वेस्ट शेजारी ठेवून बघा. एक गिगाबाइट मागितली आणि गर्दीच्या तासालाही चारशे मेगाबाइटच्या वर गेली नाही, तर पुढच्याच डिप्लॉयला ती पाचशेवर आणा आणि प्लॅटफॉर्म टीमला तसं कळवा. त्यांच्याकडे जागेसाठी थांबलेली आणखी एखादी सर्व्हिस बहुधा असतेच.